अकरा नंबरचं दूध

पंजकेंत, ३ मार्च

आपा, सलाम.

ज्या टँकरमधून तुमच्या गावचं दूध खाली येतं, त्याच टँकरमधून हा माझा उपदेश वर येतोय. टँकरवाल्या सफरअलीकाकांना बजावून सांगितलंय की तुमच्याच हातात द्यायचा. फोन का नाही केला? कारण फोनवर तुम्ही "हो गं, हो गं" म्हणता आणि दुसऱ्या कानाने सोडून देता. कागद असला म्हणजे निदान चूल पेटवायच्या आधी एकदा तरी वाचाल.

बातमी अशी की शहरातल्या सगळ्या बालवाड्यांना आता आमच्या कारखान्याचं दही जाणार. दीड हजार मुलं, रोज सकाळी. साहेबांनी सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात घातली आहे. चार महिने खपून मी एक पद्धत बसवली. प्रत्येक घराला नंबर. टाकीत दूध ओतायच्या आधी त्या घराची एक छोटी बाटली भरायची, वर नंबराची चिठ्ठी चिकटवायची. इकडे काही बिघडलं तर मी बाटलीवरून थेट त्या घरापर्यंत, त्या गाईपर्यंत मागे जाऊ शकते. माझ्या भिंतीवर मोठा तक्ता लावलाय: गाय, घर, टाकी, टँकर, कारखाना, बालवाडी. येणारे-जाणारे बघून मान डोलावतात. मला जरा फुगल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू?

आता कामाचं. तुमच्या गल्लीतलं अकरा नंबर, म्हणजे ओयसिफतमावशी, सहा दिवसांतून एकदा येतात आणि सतरा लिटर घालतात. बाकी पाच दिवस पत्ता नाही. चार नंबरचंही तेच. तुमचा स्वतःचा तीन नंबरही तसाच! एका गाईचं सतरा लिटर? याचा अर्थ तुम्ही बायका झऱ्याच्या पाण्यात दूध साठवून ठेवताय. हे बंद करा. गावातल्या टाकीवर तुम्ही संकलक आहात, तिथे कुणाची मैत्रीण नाही आणि माझी बहीणही नाही.

सुरखी व्याली का? दाजींचा मॉस्कोहून फोन आला होता का?

तुमची, दटावणारी,
झेबो


सरचश्मा, ६ मार्च

झेबोजान,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. चूलही पेटवली, पण दुसऱ्या कागदाने.

आई गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तुला चमच्याने चक्का मी भरवला, आणि आता तू मला दूध म्हणजे काय ते शिकवतेस. शिकव बाई. ऐकते. पण झऱ्यात कुणी काही साठवत नाही. दूध ताजं असतं, त्या दिवशीचं असतं. झाकण उघडल्याबरोबर मी वास घेते, बोटावर थेंब घेऊन बघते. सतरा लिटर कुठून आलं, कसं आलं, यात तू नाक खुपसू नकोस. बायकांच्या आपापसातल्या गोष्टी असतात. कारखान्याने तुला दुधावर नेमलंय, आमच्यावर नाही.

तुझ्या चिठ्ठ्या मात्र बिनकामाच्या आहेत. ओल्या बाटलीवर टिकतच नाहीत. मी दोऱ्याने बांधते.

सुरखी व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. दाजींचा फोन आला होता, थंडीला शिव्या घालत होते.

आणि खरी बातमी ऐक. ओयसिफतच्या लेकीचं, मफ्तूनाचं जमलं! वरच्या गावातला मुलगा, शाळेत गणित शिकवतो. वीस एप्रिलला त्यांची माणसं नान मोडून सोयरीक पक्की करायला येणार. ओयसिफत हसते काय, रडते काय, नवरा गेल्यापासून तीन वर्षांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तू आलीच पाहिजेस. तुझ्या त्या पांढऱ्या कोटात येऊ नकोस म्हणजे झालं.

सफरअलीकडे कुरुत दिलंय, या वेळच्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. त्याला सगळं खाऊ देऊ नकोस.

आपा


पंजकेंत, २ एप्रिल

आपा,

आज गंमत करायला जमणार नाही.

काल आठशे लिटर दही लागलंच नाही. विरजण घातलं, चार तास थांबलो, सहा तास थांबलो, दूध जसंच्या तसं पातळ. विरजण असं मरतं ते बहुतेक एकाच कारणाने: दुधात औषध असलं तर. मी एकेक गाडी, एकेक बाटली मागे तपासत गेले. दोष तुमच्या टँकरमध्ये निघाला आणि तिथून अकरा नंबरच्या बाटलीत. आमच्या तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा याव्या लागतात, तिथे एकच आली. आजारी गाईला टोचतात त्या अँटिबायोटिकचा अंश आहे. आपा, हे उकळून जात नाही. एखाद्या लहान मुलाला ते सोसत नसेल तर अंग सुजतं, श्वास अडकतो.

ओयसिफतमावशींचं दूध तीन आठवडे बंद करावं लागेल. नियम माझाच आहे. त्यांच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले, त्यांचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिलं. त्यांना बाजूला घेऊन सांगा, हळू सांगा. गाईला टोचलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त सांगायला हवं होतं.

ते सगळं दूध फेकून दिलं. बालवाड्यांना आज नुसता चहा आणि नान.

झेबो


सरचश्मा, ४ एप्रिल

झेबो,

बाजूला घेऊन सांग म्हणतेस. टाकीपाशी पंधरा बायका रांगेत उभ्या असताना कुठली बाजू? तिने बादली पुढे केली, मी घेतली नाही. एवढं पुरलं. सगळ्यांना कळलं.

सरचश्म्यात कुणाचं दूध परत करतात का गं? आपल्याकडे दारात आलेलं दूध कुणी परत करत नाही, आवडत नसलं तरी भांड्यात घेतात. तू हे विसरलीस की शहराने विसरायला लावलं?

ओयसिफतने नानवर हात ठेवून शपथ घेतली की तिच्या गाईला सुई शिवलेली नाही. मला माहीत आहे, ती खोटं बोलत नाही. पण गोष्ट वरच्या गावात पोचली. काल मुलाच्या आईचा निरोप आला: "नान मोडायची घाई नको, बघू." ज्या घरचं दूध मुलांना बाधतं त्या घरची मुलगी, असं बोलतायत म्हणे. मफ्तूना दोन दिवस बाहेर आली नाही. ओयसिफत माझ्याकडे येऊन बसली, चहा तसाच ठेवून उठली.

तुझी पट्टी खोटी असेल. यंत्रं चुकतात. तो कागद फाड आणि दुसरा लिही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, आज मागते.

आपा


पंजकेंत, ९ एप्रिल

आपा,

कागद फाडता येत नाही. फाडला असता तरी उपयोग नव्हता, कारण काल पुन्हा झालं. या वेळी चार नंबर, मुहिबाबाजींची बाटली. मी तीनदा तपासली, पट्ट्यांचा डबाही बदलून बघितला.

गुरांचे डॉक्टर निझोमअका, त्यांना फोन केला. विचारलं, अकरा आणि चार नंबरच्या गाई आजारी आहेत का? ते म्हणाले, दोन्ही गाई ठणठणीत. मग औषध आलं कुठून? आपा, वाईट वाटून घेऊ नका, पण चिठ्ठ्या सुटतात हे तुम्हीच लिहिलं होतं. बाटल्यांची अदलाबदल होतेय का? की तुम्हाला माहीत आहे कुणाचं दूध ते, आणि तुम्ही कुणाला तरी सांभाळून घेताय?

तिसऱ्यांदा झालं तर साहेब सरचश्म्याची टाकीच उचलून आणणार आहेत. बत्तीस घरं, आपा. मला सरळ उत्तर हवंय.

झेबो


सरचश्मा, ११ एप्रिल

टाकीची किल्ली सफरअलीकडे पाठवली आहे. दुसरी बाई बघ.

आपा


पंजकेंत, १३ एप्रिल

आपा,

किल्ली परत पाठवतेय. सफरअलीकाका म्हणाले, "तुम्हा बहिणींच्या मध्ये मी पोस्टमन झालो, आता पंचही करता का?" मी हसले नाही, तेव्हा टँकर सुरू करून निघून गेले.

मी चुकले. तुम्ही कुणाला सांभाळून घेताय असं लिहायला नको होतं. तुमच्यावर संशय घेणारी मी कोण? रविवारी दिवसभर तुमची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन बसले होते. मला माझी लाज वाटते.

पण मला खरंच काही समजत नाहीये. म्हणून आता विचारते, कारखान्याची बाई म्हणून नाही. मी शाळेला गेले ते गाव सोडून; धार काढायच्या वयाची झाले तेव्हा वसतिगृहात होते. बायका दूध कसं घेऊन येतात ते मी कधी नीट पाहिलंच नाही. तुमची सुरखी धार देते तिथपासून टाकीचं झाकण लागेपर्यंत काय काय होतं, सगळं सांगा. मला अगदी काही माहीत नाही असं समजून सांगा.

तुमची,
झेबो


सरचश्मा, १५ एप्रिल

झेबोजान,

तुला खरंच माहीत नाही? मला वाटलं होतं, माहीत असून तू शहाणपणाने गप्प आहेस.

आमची गल्ली सहा घरांची. एका गाईचं दूध तीन लिटरभर. त्यासाठी रोज टाकीपर्यंत चढून कोण जाणार? आजीच्या काळापासून पाळी आहे. ज्या घरची पाळी, त्या घरी बाकीच्या पाच जणी आपापलं दूध नेऊन देतात. काठी बुडवून मोजायचं, काठीवर खूण करायची, म्हणजे कुणी कमी दिलं, कुणी जास्त, वाद नको. पूर्वी एकदम एवढं दूध हाताशी आलं की लोणी निघायचं. आता ते सगळं टाकीवर जातं. आज एकीच्या नंबरावर, उद्या दुसरीच्या. म्हणजे तुझ्या त्या अकरा नंबरच्या बाटलीत सहा गाई असतात, झेबो.

हे मी तुला आधी सांगितलं नाही, कारण तुझ्या नियमांच्या कागदावर लिहिलं होतं, "प्रत्येक घराचं आपलं दूध". गल्लीचं दूध आपलंच की, असं मी मनाला समजावलं. आणि पाळी मोडली तर बायकांना एकमेकींच्या घरी जायला निमित्त काय उरेल?

इथपर्यंत लिहून मी उठले होते. अंगण झाडलं. आता परत बसलेय.

औषध सुरखीचं आहे.

व्यायल्यावर तिला दगडी झाली. कास टणक, एका सडातून गुठळ्या. निझोमअका तीन दिवस येऊन टोचून गेले, म्हणाले पाच दिवस दूध टाकून दे. पण माझी पाळी आधीच होऊन गेली होती. पाच घरांचं दूध मी घेऊन बसले होते, आणि आता द्यायची वेळ आली तर रिकामं भांडं घेऊन ओयसिफतच्या दारात कशी जाऊ? पाच घरांचं दूध त्यात असतं, माझं एवढंसं, काय होणार आहे, असं म्हणून मी नेऊन ओतलं. तुझं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला सुरखीची सुई आठवली. मी ओळखलं होतं. तरी तुला लिहिलं, पट्टी खोटी असेल. ओयसिफत माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला चहा देत होते.

दगडी उलटली आणि दुसऱ्यांदा टोचलं, तेव्हा मात्र मी पाच दिवस मोजले. खरंच मोजले. पण पहिल्या सुईपासून मोजले. शेवटच्या सुईपासून मोजायचे असतात, हे काल निझोमअकांना विचारलं तेव्हा कळलं.

का लपवलं? तपासणारीच्या बहिणीचंच दूध वाईट निघालं असं लोक म्हणतील, तुझं नाव जाईल, असं वाटलं. आणि खरं सांगू, तुझ्या डोळ्यांत मी कमी होईन याची भीती वाटली. तुझ्यासमोर मी आजवर चुकलेच नव्हते ना.

माझं नाव लिही. मऊ करून लिहू नकोस.

आपा


पंजकेंत, १७ एप्रिल

माझी आपा,

तुमचं पत्र वाचून आधी मी चिडले, मग रडले, मग तक्त्यासमोर जाऊन उभी राहिले. 'घर' आणि 'टाकी' यांच्यामध्ये मी एक बाण काढला होता. तुमची अख्खी गल्ली, काठी, पाळी, ती सगळी भांडी, हे सगळं त्या एका बाणात होतं आणि मी ते बघायलाच आले नाही. खुर्चीत बसून पद्धत बसवली. तुम्ही लपवलं ही तुमची चूक, पण मी विचारलं नाही ही माझी.

अहवालात लिहिलं आहे: "दोष क्रमांक तीन, संकलक स्वतः. अकरा आणि चार निर्दोष." सही केली. साहेबांनी विचारलं, "ही तुमची बहीण ना?" मी म्हटलं, हो, आणि तिने स्वतः सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, नाहीतर आपण अजून चिठ्ठ्याच चिकटवत बसलो असतो. तुमचं दूध बंद, आणि टाकीची किल्लीही आता तुमच्याकडे राहणार नाही. हे लिहिणं मला किती जड जातंय ते तुम्हाला सांगायला नको.

पाळी मोडायची नाही, हे मात्र मी साहेबांशी भांडून घेतलं. पाळी राहील, पण ओतायच्या आधी सहा बाटल्या, सहा घरांच्या. पट्टी तिथेच, सगळ्यांसमोर. दोन रेघा दिसल्या की मगच दूध एकत्र. आणि ज्या घरची गाय औषधावर असेल तिने रिकामं भांडं उघडं घेऊन यायचं. काठीवर तिची खूण तरीही होणार. गाय बरी झाली की ती भरून देईल. रिकामं भांडं आणणाऱ्या बाईला कुणी काही बोललं तर ते मला कळवा, मी स्वतः येऊन बोलेन.

मुलाच्या घरी मी कारखान्याचं पत्र पाठवू का?

तुम्ही माझ्या डोळ्यांत कमी झाला नाहीत. होऊच शकत नाही. चुकलात, एवढंच.

झेबो


सरचश्मा, २१ एप्रिल

झेबोजान,

कारखान्याचं पत्र कोण वाचतं? मी स्वतः गेले.

अठरा तारखेला ओयसिफतच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, चल वरच्या गावात. ती म्हणाली, कशाला, आणखी शोभा करायला? तेव्हा उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पायात बूट घातले आणि निघाली, मी मागे. चढण दोन तासांची.

मुलाच्या घरी ओसरीवर त्याची आई धरून चार बायका होत्या. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की ते दूध माझं होतं, ओयसिफतच्या गाईला सुई लागलेली नाही, आणि मी पंधरा दिवस तोंड शिवून बसले.  मुलाच्या आईने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "हे सांगायला चालत आलात?" आणि मग, तुला खोटं वाटेल, हळूच म्हणाली, "आमच्याकडेही पाळी आहे. गेल्या वर्षी आमच्या गाईला टोचलं होतं, तेव्हा मीही नेऊन ओतलंच होतं." बाकीच्या तिघी आपापल्या पेल्यांत बघायला लागल्या. त्या पट्ट्या वरच्या गावाला मिळतील का, असं त्या विचारतायत. मिळतील ना?

काल नान मोडला. मफ्तूना हसली. तू आली नाहीस, त्याचं भांडण वेगळं करू.

ओयसिफतने मला तुकडा दिला. सगळ्यांना दिला तसा. पण माझ्याकडे पाहिलं नाही. वीस वर्षं आमच्या अंगणांना मध्ये कुंपण नाही, झेबो, आणि आता ती पलीकडच्या वाटेने पाणी आणायला जाते. दूध काय, पुन्हा तपासता येतं. पण माझ्यावर पुन्हा भरवसा ठेव, हे हिला कसं सांगू?

किल्ली माझ्याकडे राहणार नाही, असं लिहिलं होतंस. तिलाच दे. तिच्याइतकी काटेकोर बाई गावात दुसरी नाही.

आपा


सरचश्मा, १२ मे

झेबो पोरी,

मी ओयसिफत. तुझ्या आपासारखं मला लिहिता येत नाही, पण टाकीचं काम घेतलंय तर कळवायला हवं.

बत्तीस घरांच्या बाटल्या गाडीत आहेत. चिठ्ठ्या दोऱ्यानेच बांधल्या, तुझा गोंद खरंच वाईट आहे. गेल्या आठवड्यात दोघी रिकामी भांडी घेऊन आल्या. कुणी काही बोललं नाही. एक हसू लागली होती, तिच्याकडे मी बघितलं.

तीन नंबरचे बंदीचे तीन आठवडे भरले, आणि शेवटच्या सुईपासूनचे दिवसही मी मोजून बघितले. आज तुझी आपा आली. रांगेत सगळ्यांत मागे उभी होती. ती पुढे आली तेव्हा बाकीच्या उगाच बादल्या धूत थांबल्या. मी पट्टी बुडवली. दहा मिनिटं गेली. दोन रेघा आल्या, चांगल्या ठसठशीत. मी दुसरी पट्टी काढली.

ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का गं?"

मी म्हटलं, "आहे म्हणून तर दुसरी काढली. उद्या कुणी म्हणायला नको की ओयसिफतने मैत्रिणीचं म्हणून ओतलं."

एवढं ऐकून ती तिथेच दगडावर बसली आणि तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून रडायला लागली. आणखी दहा मिनिटं. मी तिच्या शेजारी बसले होते. दोन रेघा आल्या.

तीन नंबर, स्वच्छ. लिहून घे.

ओयसिफत